आणि म्हणजे मी, मी म्हणजे कोण?



आषाढीत कानडी वारकरी दुकानाशी थांबतात. तेव्हा 'बेकु' म्हणजे हवं आणि 'बेडा' म्हणजे नको, एवढं तरी यावं लागतं. आमच्यातल्या एकीला ते येत नव्हतं. समोरची आजी 'बेडा, बेडा' म्हणत होती आणि ही पेढ्याचे पुडे पुढं करत होती. शेवटी दहा वर्षांची लेक म्हणाली, "अगं आई, त्या नको म्हणतायत!" गिऱ्हाइकं हसली. त्यानंतर आठ दिवस हिनं कानडी शब्द तोंडातून काढला नाही. आजचं बोलणं तिच्यासाठी, आणि ते आहे हिब्रू शिकलेल्या मराठी आयांबद्दल.

रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या राहिले. धर्मानं ज्यू, बोली मराठी, आडनावं पेणकर, किहीमकर अशी. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावं त्यांना 'शनिवार तेली' म्हणायची. कीर्तनंसुद्धा मराठीत करायचे, फक्त आख्यान अब्राहामाचं नाहीतर मोशेचं. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या काळात त्यांतली हजारो माणसं तिकडं गेली. दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत त्यांचे संसार बसले.

प्रार्थनेतली हिब्रू त्यांच्या कानावरची होती. पण प्रार्थनेच्या भाषेत कुणी कांदे मागत नाही. नव्यानं आलेल्या मोठ्या माणसांना भाषा शिकवायला तिथं 'उल्पान' नावाचे वर्ग १९४९ पासून आहेत. मुलांना मात्र शाळा आणि गल्ली दोन्ही शिकवतात, म्हणून ती पुढं पळतात. या देशात आई मातृभाषा लेकरांकडून शिकते, असा विनोदच तिथं आहे.

आता मराठी कानाची गंमत बघा. हिब्रूत 'अनी' म्हणजे मी, आणि 'मी' म्हणजे कोण! दार वाजवलं, आतून "कोण?" आलं आणि सवयीनं "मी" म्हटलं, तर आपणच उलटं "कोण?" विचारलं असं होतं. 'अता' म्हणजे तू, पण पुरुषाला, बाईला 'अत'. आभार मानायचे तर 'तोदा', म्हणजे आपल्या कानाला तोडाच. 'आबा' म्हणजे बाप. आणि आजीला म्हणतात 'सावता'! अरणच्या सावता महाराजांचं नाव घेत वाढलेल्या आपल्यासारखीला हे पचायला वेळच लागेल.

खरी फजिती क्रियापदांत. मराठीत बाई 'जाते' म्हणते, बाप्या 'जातो', हिब्रूतही तसंच. 'मला हवं' हे पुरुष 'अनी रोत्से' म्हणतो, बाई 'अनी रोत्सा'. आता आई मुलाकडूनच शिकली तर काय होईल? तो जसं बोलतो तसंच उचलणार, आणि दुकानात जाऊन पुरुषासारखं 'रोत्से' म्हणणार. आपल्याकडं हेच उलटं होतं. आईमागं फिरणारा लहान मुलगा 'मी जेवते' म्हणतो आणि आपण कौतुकानं हसतो. आई तशीच चुकली की ते कौतुक कुठं जातं, कोण जाणे.

वाचन आणखी अवघड. ओळ उजवीकडून डावीकडं चालते आणि रोजच्या छापील मजकुरात स्वरांच्या खुणा बहुतेक नसतातच. काना-मात्रा न लावता मराठी वाचून बघा. 'क' आणि 'ल' एवढंच दिसलं, तर तो काल, की कला, की कुलू? हिब्रूत 'सेफेर' म्हणजे पुस्तक आणि 'सपार' म्हणजे न्हावी, ही दोन्ही त्याच तीन अक्षरांनी लिहितात, कारण 'प' आणि 'फ'ला अक्षर एकच. मुलाच्या वहीत 'पुस्तक आण' असं असेल आणि आई त्याला केस कापायला घेऊन निघेल! ही चूक अडाणीपणाची नाही. आईजवळ आधीची एक अख्खी भाषा आहे, ती मध्ये येते. लेकराजवळ तेवढं ओझं नसतं.

त्या घरांतली मराठीही मिटली नाही. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघालं.

आमची पेढेवालीसुद्धा परत शिकायला लागली. किती हवं हे विचारायला लेकीनं 'एष्टु' शिकवलं, हिच्या तोंडून आलं 'यष्टी?' आम्हाला वाटलं, आता कानडी आजी स्टँडकडं बोट दाखवणार. आजीनं दोन बोटं दाखवली आणि पेढ्याचे दोन पुडे घेऊन गेली.