बुडत्या जहाजातून स्वतःहून वर येणारा तराफा

मुंबई बंदरातल्या कुठल्याही मोठ्या मालवाहू जहाजाच्या डेकवर कठड्याजवळ पांढरी फायबरची पिंपं आडवी बांधलेली दिसतात. पाचोऱ्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधतात, तसा त्या पिंपात छप्पर असलेला आख्खा रबरी तराफा घडी घालून कोंबलेला असतो. याला म्हणतात लाइफराफ्ट. जहाज अचानक बुडालं आणि पिंपापर्यंत एकही हात पोचला नाही, तरी हा तराफा आपोआप सुटतो, वर येतो आणि फुगतो. त्याला ना वीज लागते, ना बॅटरी!

हे घडवतं पाण्याचंच वजन. पिंपाचा पट्टा एका मुठीएवढ्या यंत्रात अडकवलेला असतो, त्याचं नाव हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट. जहाजासोबत ते खाली गेलं, की चार मीटर खोलीच्या आतच पाण्याचा दाब आतल्या पडद्याला ढकलतो, स्प्रिंगवरचं पातं सुटतं आणि दोरी कापली जाते. मोकळं झालेलं पिंप वर उसळतं. त्याची एक लांब दोरी मात्र अजून जहाजाला बांधलेली असते. जहाज खाली जाताना ती ताणली जाते, त्या हिसक्याने गॅसची टाकी उघडते आणि तराफा साधारण मिनिटभरात फुगतो. मग त्याला खाली ओढून नेण्याआधीच दोरीचा मुद्दाम कमजोर ठेवलेला दुवा सुमारे सव्वादोनशे किलोच्या ओढीला तुटतो. जे जहाज त्याला बुडवू पाहतं, त्याच्याच ओढीवर तराफा तयार होतो!

पण जे उपकरण आयुष्यात एकदाच वापरायचं, ते चालेल याचा भरवसा कसा धरायचा? उत्तर एकच: जमिनीवर ते पुन्हा पुन्हा उघडायचं. 1912 च्या टायटॅनिक दुर्घटनेनंतर ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार जन्मला. त्याच्या आजच्या नियमांनुसार लाइफराफ्ट साधारणपणे दर बारा महिन्यांनी मान्यताप्राप्त सर्व्हिस स्टेशनवर न्यावाच लागतो.

तिथे तो कोरड्या हवेने फुगवून तासभर ठेवतात. दाब पाच टक्क्यांहून जास्त उतरला, तर गळती शोधायची. गॅसची टाकी वजन करून तपासतात, कारण वजन घटलं म्हणजे गॅस गेला. दर पाच वर्षांनी टाकीतल्या खऱ्या गॅसनेच फुगवून बघतात. दहा वर्षं जुन्या तराफ्याला दरवर्षी नेहमीपेक्षा जास्त दाब देतात आणि त्याच्या तळाची शिवणही पारखतात. मग आतली शिदोरी: माणशी दीड लिटर पाणी, सीलबंद खाद्य, उलटीवरच्या गोळ्या, आरसा, शिट्टी, मासे पकडायचा गळ, आकाशात उडवायचे प्रकाशबाण. मुदत संपलेली प्रत्येक वस्तू बदलायची आणि पुन्हा नेमकी तशीच घडी घालायची.

समुद्रावरच्या सुरक्षेचं मोल महाराष्ट्राने फार महागात शिकलं आहे. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-305’ हा 261 जणांचा बार्ज बुडाला. वाचलेल्या कामगारांनी सांगितलं, की अनेक लाइफराफ्ट पंक्चर होते. तराफा जहाजावर असणं आणि तो तरंगणं, या दोन गोष्टींमध्ये फक्त तपासणी उभी असते.

तुम्ही समुद्रापासून दूर राहत असाल. पण गेटवेहून घारापुरीला जाल, मांडव्याची बोट धराल, नाहीतर एखाद्या धरणात नौकाविहार कराल. तिथे हीच तपासणी तुमच्या हातात असते: बसण्याआधी लाइफजॅकेट मागा. पट्टे, बकल आणि शिवण स्वतः बघा, लहान मुलांना त्यांच्या मापाचंच घाला आणि बोट काठाला लागेपर्यंत काढू नका. जॅकेट फाटकं असेल तर बदलून मागा, आणि मिळालं नाही तर त्या बोटीत बसूच नका.