पोलराइज्ड गॉगलचा माल भरताय? आधी हे तपासा

नुसत्या ‘पोलराइज्ड’ स्टिकरवर जास्तीचे पैसे मोजू नका. खात्रीची एक पोलराइज्ड काच खिशात ठेवा. होलसेलवाल्याची काच तिच्यासमोर धरून ९० अंशांत फिरवा. आरपार जवळपास काळोख झाला तर माल खरा, नाहीतर साधाच भाव द्या.

पण पोलराइज्ड काच फक्त रस्त्यावरची, पाण्यावरची चकाकी कापते. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणं; ते वेगळं, मीटरवरच तपासा. गडद काच यूव्ही अडवत नसेल तर उलट धोका: बाहुली मोठी होते, किरण जास्त आत जातात.

दिवसभर बाईकवर असणाऱ्याला पोलराइज्ड द्या. बाकीच्यांना साधा यूव्ही ४०० पुरतो. मोबाईलची स्क्रीन काळपट दिसू शकते, हेही विकतानाच सांगा. मग गिऱ्हाईक भांडायला नाही, दुसरा गॉगल घ्यायला येईल.