मोठे ब्रेक बसवण्यापूर्वी

गेल्या उन्हाळ्यात सावनेरला भावाकडे गेलो होतो. पुतण्याने वर्षभरापूर्वी एक वापरलेली मोटार विकत घेतली आहे. जेवणे झाल्यावर त्याने एका माहितीपत्रकातले चित्र माझ्यापुढे धरले. चित्रात नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या ब्रेकच्या चकत्या आणि लाल रंगाचे, चार पिस्टनांचे कॅलिपर होते. "काका, हे बसवले की गाडी निम्म्या अंतरात थांबते, असे दुकानदार सांगतो. खरे का?"

हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हता. महिनाभरापूर्वी आईवडिलांना घेऊन तो छिंदवाड्याहून परतत होता. उमरानाला मागे टाकून सिल्लेवानीचा घाट उतरताना ब्रेकचे पेडल हळूहळू मऊ पडत गेले आणि एका वळणावर जवळजवळ तळाला टेकले. गिअर खाली टाकून आणि हँडब्रेक ओढून त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झाले! तेव्हापासून 'ब्रेक लहान पडतात' असे त्याच्या मनाने घेतले होते.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या रात्री जो हिशोब केला त्याला नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचे काही लागले नाही. म्हणूनच तो इथे मांडतो आहे.

गाडी थांबते कशाने?

माणसांसह १२०० कि.ग्रॅ. वस्तुमानाची मोटार ताशी १०० कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर वेगाने जात आहे असे समजू. तिची गतिज ऊर्जा ½ × १२०० × (२७.८)², म्हणजे सुमारे ४.६ लाख ज्यूल. थांबायचे तर ही सगळी ऊर्जा दुसऱ्या रूपात जायला हवी. ब्रेक घर्षणाने तिचे उष्णतेत रूपांतर करतात. वेग निम्मा असेल तर ऊर्जा पाव, हेही लक्षात असू द्या.

पण गाडीला मागे रेटणारे बल येते कुठून? ब्रेक चाकाच्या फिरण्याला विरोध करतो. गाडीवर बाहेरून लागणारे बल मात्र टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचे असते, आणि त्याला मर्यादा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.८ च्या आसपास धरता येतो. तेव्हा गाडीची मंदगती जास्तीत जास्त ०.८ × ९.८, म्हणजे सुमारे ७.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदगती), म्हणजे सुमारे ४९ मीटर. रस्ता ओला असेल आणि घर्षणांक ०.५ वर आला तर हेच अंतर ७९ मीटर होते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात २८ मीटरची भर.

या सूत्रात चकतीचा व्यास कुठेच नाही! जोराने ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचे थांबून घसरत असेल (किंवा एबीएस असलेल्या गाडीत पेडल थरथरत असेल), तर टायर जेवढे बल देऊ शकतो तेवढे ब्रेकने आधीच घेतलेले आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. त्याचे काम चाकांना या मर्यादेपलीकडे घसरू न देणे हेच. अशा गाडीला आणखी ताकदवान ब्रेक लावून एका थांबण्याचे अंतर कमी होत नाही. चांगले टायर लावल्याने होते.

मग मोठी चकती काय बदलते?

एक, आघूर्ण. पॅड चकतीला केंद्रापासून जितक्या दूर पकडतात, तितके त्याच दाबाला आघूर्ण जास्त मिळते. पकडीची त्रिज्या १० सें.मी.ची १२ सें.मी. झाली, तर आघूर्ण २० टक्क्यांनी वाढते. पण आवश्यक आघूर्ण तर टायरने ठरवलेले आहे. म्हणून प्रत्यक्षात एवढेच होते, की तेवढ्याच ब्रेकसाठी पाय सहाव्या हिश्श्याने कमी दाबावा लागतो. पेडल हलके वाटते आणि गाडी लवकर थांबल्याचा भास होतो.

दोन, उष्णता सामावण्याची क्षमता. चकती बिडाची असते. बिडाचा विशिष्ट उष्मा दर किलोला, दर अंशाला सुमारे ४६० ज्यूल. जोराने ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि सुमारे तीन चतुर्थांश काम पुढच्या चाकांना करावे लागते. म्हणजे वरच्या उदाहरणात पुढच्या प्रत्येक चकतीच्या वाट्याला १.७४ लाख ज्यूल येतात. चकती ५ किलोची असेल तर तिचे तापमान सुमारे ७५ अंशांनी वाढेल, ८ किलोची असेल तर सुमारे ४७ अंशांनी. एका थांबण्यासाठी दोन्ही पुरेशा आहेत. फरक पडतो तो पुन्हा पुन्हा ब्रेक लावताना किंवा घाटात.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. 'पॅड मोठा म्हणजे घर्षण जास्त' असे अनेकांना वाटते. शाळेत आपण शिकवतो की घर्षणबल संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. तेच इथेही (ढोबळमानाने) खरे आहे. मोठा पॅड कमी तापतो आणि जास्त दिवस टिकतो, हा त्याचा फायदा.

घाटाचा हिशोब

आता २०० मीटर उंची उतरायची आहे असे धरू. सोडून द्यावी लागणारी स्थितिज ऊर्जा १२०० × ९.८ × २००, म्हणजे सुमारे २३.५ लाख ज्यूल. ताशी १०० कि.मी. वेगावरून पाच वेळा करकचून थांबण्याइतकी! न्यूट्रलमध्ये, केवळ ब्रेकवर उतरलो आणि चकती मुळीच थंड झाली नाही असे मानले, तर ५ किलोच्या चकतीचे तापमान ३८० अंशांनी वाढेल, ८ किलोच्या चकतीचे २४० अंशांनी. वारा लागत असल्याने प्रत्यक्षात वाढ कमी होते, पण मे महिन्यात आपल्याकडची हवाच ४५ अंशांची असते.

हेच शक्तीच्या भाषेत पाहू. शंभर मीटरला सहा मीटर अशा उतारावर ताशी ३० कि.मी. वेग राखायचा तर सतत सुमारे ५.९ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. पाणी तापवायचे दीड किलोवॉटचे चार हीटर एकदम चालू ठेवल्यासारखे हे आहे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली की यातला मोठा वाटा इंजिन घेते, आणि इंजिनाला थंड होण्याची स्वतंत्र सोय असते. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

पेडल खाली का गेले?

तापलेले ब्रेक दोन प्रकारे दगा देतात आणि दोन्हींची लक्षणे वेगळी आहेत. पॅड मर्यादेबाहेर तापला की त्याचा घर्षणांक घसरतो. तेव्हा पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात पेडलच मऊ पडते. इथे दोष ब्रेक ऑइलचा असतो.

नाव ऑइल असले तरी आपल्या मोटारींतला हा द्रव खनिज तेल नसतो. तो ग्लायकॉल वर्गातल्या संयुगांपासून बनवतात आणि तो हवेतली आर्द्रता शोषतो. 'डॉट ३' प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनांक किमान २०५ अंश सें. असावा लागतो, पण सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. 'डॉट ४' साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. कॅलिपरमधला द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो. निवल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल पूर्ववत!

पुतण्याला विचारले, ब्रेक ऑइल कधी बदलले होते? त्याने घेतल्यापासून तरी नाही. आधीच्या मालकाचे माहीत नाही. घाट कोणत्या गिअरमध्ये उतरलास? "पेट्रोल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये." रोगाचे निदान झाले होते. मोठ्या चकत्यांनी तो लांबला असता, पण जुने ब्रेक ऑइल जुनेच राहिले असते.

तरीही बदल करायचाच तर

काहींना खरोखर गरज असते: रोज भरल्या गाडीने घाट उतरणारे किंवा इंजिनाची ताकद वाढवलेले. त्यांनी पुढील क्रम ठेवावा.

आधी टायर पाहावेत. मग ब्रेक ऑइल नवे भरावे आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलावे. त्यानंतर पॅड. अनेक पॅडवर दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले साधारण तापमानाचा घर्षणांक दाखवते, दुसरे तापल्यावरचा. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. रस्त्यावरच्या गाडीला शर्यतीचे पॅड लावू नयेत. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. थंडीतल्या सकाळी पहिल्याच चौकात फजिती व्हायची.

एवढ्यावर भागले नाही तरच मोठी चकती. त्याच मोटारीच्या वरच्या आवृत्तीत निर्मात्याने मोठे ब्रेक दिले असतील तर तो संच सर्वांत शहाणपणाचा, कारण मास्टर सिलिंडर, पुढचे-मागचे ब्रेक यांचा मेळ घालून त्याची चाचणी झालेली असते. बाहेरचा संच घेताना विक्रेत्याला हे विचारावे:

१. कॅलिपरच्या पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ मूळच्या किती जवळ आहे? क्षेत्रफळ वाढले की बल वाढते, पण तेवढा जास्त द्रव ढकलावा लागतो आणि पेडल खोल जाते. पिस्टन चार की सहा, याला महत्त्व नाही.

२. पुढचे-मागचे प्रमाण बिघडते का? फक्त पुढचे ब्रेक फार वाढवले तर पुढची चाके लवकर घसरतात, मागच्यांची क्षमता वाया जाते आणि थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. मागचे वाढवले तर मागची चाके आधी घसरून गाडी गर्रकन फिरू शकते. हे अधिक धोक्याचे.

३. चकतीचे वजन किती आणि ती मधून पोकळ, हवा खेळवणारी आहे का? भोके पाडलेली चकती दिसते छान, पण तिचे वस्तुमान घटते आणि भोकांच्या कडेपासून तडे जाऊ शकतात.

४. कॅलिपर सध्याच्या चाकात मावतो का? पुठ्ठ्याचा साचा कापून आधी पाहावे. मोठे, जड चाक घ्यावे लागले तर खड्ड्यांतले धक्केही वाढतात.

५. पिस्टनांना धुळीपासून बचावाची रबरी टोपणे आहेत का? शर्यतीच्या कॅलिपरना ती पुष्कळदा नसतात. कोळशाची धूळ आणि संत्र्याच्या बागांकडे जाणारे मातीचे रस्ते असलेल्या आपल्या भागात ती हवीतच. त्या आकाराचे पॅड नागपूरला मिळतात का, हेही विचारावे.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तेव्हा आर.टी.ओ. आणि विमा कंपनी यांना लेखी विचारूनच पुढे जावे.

वर्गात करून पाहा

५ आणि २० मि.ली.च्या, सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या सलाइनच्या नळीने जोडून पाणी भरा. लहान पिचकारी अंगठ्याने दाबा आणि दुसऱ्याला मोठी रोखून धरायला सांगा. मग दोन्ही दट्टे किती मि.मी. सरकले ते मोजा. बलात जे मिळवले ते अंतरात का गमावले, हे मुलांनाच सांगू द्या. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा सोडून तोच प्रयोग करा. घाटात पेडल का खाली बसते, ते अंगठ्याला कळेल.

दुसरा प्रयोग विटेचा. वीट आडवी आणि मग कडेवर ठेवून ताणकाट्याने ओढा. दोन्ही वेळचे वाचन ताडून पाहा आणि मोठ्या पॅडबद्दल मुलांचे मत विचारा.

पुतण्याने ब्रेक ऑइल बदलले, झिजलेले पुढचे दोन टायर आणि पॅड नवे घातले. दिवाळीत तो पुन्हा आईवडिलांना घेऊन छिंदवाड्याला जाऊन आला, आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरला. लाल कॅलिपरचे चित्र अजून त्याच्या टेबलावर आहे. पण त्याच्या मागे पिस्टनांच्या क्षेत्रफळाची आकडेमोड केलेली मला दिसली.