अनेक ब्लॉग, एक खाते: एकविषयी संकेतस्थळांचे अर्थकारण

या पाठात आपण एका प्रश्नाकडे पाहणार आहोत. एकाऐवजी पाच-सहा ब्लॉग चालवले तर उत्पन्न वाढते का, आणि जोखीम कमी होते का? वाणिज्य, संख्याशास्त्र किंवा पत्रकारिता यांपैकी काहीही तुम्ही शिकत असाल तरी हा प्रश्न तुमच्या उपयोगाचा आहे, कारण 'झोपेत कमाई' शिकवणारे अभ्यासक्रम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही विकले जातात. ते विकत घ्यायचे की नाही, हे ठरवायला साध्या गुणाकार-भागाकाराची मदत पुरेशी आहे.

उदाहरणासाठी आपण एक काल्पनिक विद्यार्थिनी घेऊ. ती भिलाईच्या रुआबांधा भागात राहते, घरी मराठी बोलते, बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. वडील पोलाद कारखान्यात नोकरीला, ती दुर्गच्या महाविद्यालयात बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला. तिच्या मनात तीन संकेतस्थळे आहेत: पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी पोलादनिर्मितीची माहिती हिंदीत, फरा, चीला, ठेठरी-खुरमी यांसारखे छत्तीसगढी पदार्थ मराठीत, आणि मोबाइल फोनची परीक्षणे इंग्रजीत. जमले तर आणखी दोन. अशा ठरावीक विषयापुरत्या मर्यादित स्थळाला आपण 'एकविषयी संकेतस्थळ' म्हणू.

पैसा कुठून येतो

मुख्य मार्ग दोन. पहिला जाहिरातींचा. गूगलची अॅडसेन्स सेवा २००३ साली सुरू झाली. वाचक पान उघडतो त्या क्षणी त्या पानावरील जागेचा लिलाव होतो, जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात दिसते आणि त्या रकमेचा वाटा संकेतस्थळाच्या मालकाला मिळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलने हा वाटा नव्या पद्धतीने मांडला. जाहिरातदार गूगल अॅड्समधून १०० रुपये खर्च करतो, त्यातले सरासरी १५ रुपये जाहिरात-खरेदीच्या सेवेसाठी कापले जातात आणि उरलेल्या ८५ रुपयांचे ८० टक्के, म्हणजे ६८ रुपये, तुमच्याकडे येतात. पूर्वीही वाटा ६८ टक्केच होता.

दुसरा मार्ग दलालीचा, म्हणजे अॅफिलिएट कार्यक्रमांचा. अॅमेझॉनने तो १९९६ सालीच सुरू केला. तुमच्या दुव्यावरून जाऊन कोणी वस्तू घेतली तर ठरलेली टक्केवारी मिळते. नुसते वाचून गेलेल्या माणसाचे काहीच मिळत नाही.

आता लक्षात घ्या की दोन्ही मार्गांत पैसा वाचकसंख्येइतकाच वाचकाच्या हेतूवरही ठरतो. 'कोणता फोन घेऊ' असे शोधणारा माणूस खरेदीच्या उंबरठ्यावर असतो. 'झोतभट्टी कशी चालते' असे शोधणाऱ्याला उद्याची परीक्षा द्यायची असते, त्याला काही विकत घ्यायचे नसते. म्हणून फोनच्या पानावर बोली चढते. पण त्याच कारणाने तिथे गर्दीही असते, आणि त्या गर्दीत रुआबांध्यातल्या मुलीजवळ परीक्षणासाठी फोनच नसतात. पोलादाची गोष्ट वेगळी. ज्या गावाच्या कारखान्यातून भारतीय रेल्वेचे रूळ जातात, तिथे घरोघरी या विषयाची माहिती असलेली माणसे आहेत. हा माल तिला जवळजवळ फुकट मिळतो. विषय निवडताना बहुतेक जण बोली पाहतात. माझ्या मते आधी हे पाहावे, की इतरांना सहज न मिळणारे असे आपल्या हाताशी काय आहे.

भाषेचा हिशेब

भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. २००३ साली अॅडसेन्स आले, तरी हिंदीला अधिकृत पाठिंबा मिळाला डिसेंबर २०१४ मध्ये, बंगालीला २०१७ मध्ये, आणि मराठीला २०१८ मध्ये. २००५ ते २०१० या काळात दुर्ग-भिलाई आणि रायपूर येथे हिंदी ब्लॉगलेखकांचा उत्साही गट होता. छत्तीसगढी भाषेतले 'गुरतुर गोठ' हे वेबमासिकही याच परिसरातले. त्या पिढीने चिकाटीने लिहिले, पण ज्या भाषेत लिहिले तिला जाहिरातींची अधिकृत दारेच उघडी नव्हती. त्यामुळे कमाई करू पाहणारे इंग्रजीकडे वळत आणि आपल्या भाषेतला ब्लॉग हौसेपुरता ठेवत. मराठीतही वेगळे घडले नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख आहेत. छत्तीसगढीचे सुमारे १ कोटी ६० लाख बोलणारे त्याच जनगणनेत हिंदीखाली मोजले आहेत, आणि अॅडसेन्सच्या भाषांच्या यादीत छत्तीसगढी नाही. म्हणजे आपली विद्यार्थिनी तीन भाषा बोलत असली तरी त्यांपैकी दोनच भाषांतून जाहिरातीचे पैसे येऊ शकतात. इंग्रजी धरली तर कमाईची तिसरी भाषा मिळते, पण तिथे तिचा मुकाबला साऱ्या जगाशी आहे.

पाच स्थळांचा गुणाकार

आता आकडे मांडू. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे आले की ते इथे घाला.

समजा हजार वेळा पान उघडले की ६० रुपये मिळतात. एक लेख लिहायला माहिती, छायाचित्रे आणि तपासणी धरून ४ तास लागतात. जुना झालेला चांगला लेख शोधयंत्रातून महिन्याला सरासरी ५० वाचक आणतो. तर २०० लेखांच्या एका स्थळावर महिन्याला १०,००० वाचने होतील आणि ६०० रुपये मिळतील. २०० लेखांना ८०० तास लागले. अशी पाच स्थळे केली तर उत्पन्न महिना ३,००० रुपये, आणि श्रम ४,००० तास.

अॅडसेन्स १०० डॉलर जमेपर्यंत पैसे पाठवत नाही. एका डॉलरला ८५ रुपये धरले तर ही मर्यादा ८,५०० रुपयांची झाली. एका स्थळावर ती गाठायला चौदा महिन्यांहून जास्त लागतील, पाच स्थळांवर तीन महिन्यांच्या आत. सगळ्या स्थळांची कमाई एकाच खात्यात जमा होते, त्यामुळे 'अनेक ब्लॉग चालवा' या सल्ल्यात इतपत तथ्य नक्की आहे.

पण ते ४,००० तास आणायचे कुठून? अभ्यास सांभाळून आठवड्याला १० तास निघत असतील, तर ४०० आठवडे लागतील, म्हणजे पावणेआठ वर्षे. पदवीच्या तीन वर्षांत एकूण १,५६० तास मिळतात आणि त्यात ३९० लेख होतात. दोन स्थळेसुद्धा पुरी होत नाहीत. तेच ३९० लेख पाच ठिकाणी वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ येतात, आणि एकाही विषयात वाचकाला 'इथे सगळे मिळते' असे वाटत नाही.

खर्चही पाहा. ब्लॉगरवर एका खात्यात १०० पर्यंत ब्लॉग फुकट उघडता येतात. स्वतःचे डोमेन घेतले की मात्र प्रत्येक नावाचे शुल्क दरवर्षी भरावे लागते, आणि ज्या स्थळावर वर्षभर काही लिहिले नाही त्याचेही भरावे लागते. दुकान बंद ठेवून भाडे भरण्यासारखाच हा प्रकार.

सरासरीमागे एक सापळा आहे, तो इथेच सांगतो. 'प्रत्येक लेख ५० वाचक' असे प्रत्यक्षात कधीच होत नाही. थोडे लेख बहुतेक वाचक आणतात आणि बाकीचे जवळजवळ न वाचलेलेच राहतात. म्हणून सुरुवातीला दोन-तीन विषयांत वीस-वीस लेख लिहून पाहणे योग्य. सहा-आठ महिन्यांनी गूगल सर्च कन्सोलमध्ये कोणत्या प्रश्नांवर वाचक येत आहेत ते पाहावे आणि चालत नसलेले विषय मोकळ्या मनाने बंद करावेत. सर्च कन्सोल फुकट आहे. शिवाय वाचकांनी नेमके कोणते शब्द टाइप केले तेही तो दाखवतो, जे कोणत्याही महागड्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त शिकवते.

जोखीम खरेच विभागते का

'सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत' हा युक्तिवाद अनेक ब्लॉगांच्या बाजूने नेहमी केला जातो. तो तपासायला संख्याशास्त्रातले एक सूत्र पुरते. सारख्याच चढउताराची पाच उत्पन्ने असतील आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर एकूण सरासरी उत्पन्नाचे प्रमाण विचलन ५ च्या वर्गमुळाने कमी होते, म्हणजे मूळच्या ४५ टक्क्यांवर येते. ही मोठी घट झाली. पण पाचही उत्पन्नांमध्ये ०.८ इतका सहसंबंध असेल, तर प्रचरण (१ + ४ × ०.८) ÷ ५ = ०.८४ पट राहते आणि विचलन ०.९२ पट. पाचपट श्रमांनी जोखीम कमी झाली फक्त ८ टक्के.

ब्लॉगांच्या बाबतीत सहसंबंध जास्तच असतो, कारण वाचक एकाच शोधयंत्रातून येतात आणि पैसे एकाच खात्यात. अॅडसेन्स एका व्यक्तीला एकच खाते देते. मित्रांनी प्रेमाने तुमच्या जाहिरातींवर क्लिक केले आणि ते अवैध ठरले, तर कारवाई खात्यावर होऊ शकते. तसे झाले की चूक एका स्थळावरची आणि उत्पन्न पाचही स्थळांचे बंद. टोपल्या पाच असतात, पण त्या वाहणारा हात एकच असतो.

याचे मोठे उदाहरण अमेरिकेतल्या डिमांड मीडिया कंपनीचे. लोक काय शोधतात ते पाहून स्वस्तात, झटपट हजारो लेख लिहून घेणे हा तिचा धंदा होता. ईहाउ हे तिचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ. जानेवारी २०११ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. फेब्रुवारीत गूगलने शोधपद्धतीत 'पांडा' नावाने ओळखला जाणारा बदल केला आणि पुढच्या काही महिन्यांत ईहाउचे वाचक घटू लागले. कंपनीजवळ स्थळे अनेक होती, लेख लाखो होते, पण रस्ता एकच होता.

त्यानंतरही असे धक्के येत राहिले. एप्रिल २०२० मध्ये अॅमेझॉनने अमेरिकेत अनेक वर्गांतली दलाली कापली. घरसामानावरची ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. मार्च २०२४ मध्ये गूगलने क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात लेख तयार करण्याविरुद्ध नियम कडक केले, मग ते यंत्राने लिहिलेले असोत वा माणसाने. त्याच वर्षी शोधाच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली उत्तरे दिसू लागली, भारतात ऑगस्टपासून. 'अमुक म्हणजे काय' अशा प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले तर वाचक तुमच्या पानावर येईलच असे नाही. पाच स्थळांवर यंत्राकडून रोज पन्नास लेख टाकून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो २०११ चाच धंदा नव्या वेष्टनात विकतो आहे असे समजा.

सहसंबंध कमी करायचा तर वेगळी करायची ती स्थळे नव्हेत, वाचक येण्याचे आणि पैसे मिळण्याचे मार्ग. आग्र्याच्या अमित अगरवाल यांनी नोकरी सोडून २००४ मध्ये 'डिजिटल इन्स्पिरेशन' सुरू केले. भारतातले पहिले पूर्णवेळ व्यावसायिक ब्लॉगर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांनी स्थळांची संख्या वाढवण्यापेक्षा लेखांतून सुचलेली छोटी सॉफ्टवेअर साधने तयार करून विकायला सुरुवात केली. परदेशात २०११ मध्ये सुरू झालेले वायरकटर वस्तूंची खोलवर परीक्षणे देणाऱ्या मोजक्या लेखांवर उभे राहिले आणि २०१६ मध्ये द न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे ३ कोटी डॉलरना घेतले. आपल्या विद्यार्थिनीपुरते बोलायचे तर पोलादाच्या लेखांवरून वीस रुपयांची सरावप्रश्नांची पुस्तिका, वाचकांची ईमेल यादी, किंवा त्याच विषयाची शिकवणी, यांतले काहीही एक, तिसऱ्या-चौथ्या ब्लॉगपेक्षा जास्त आधार देईल. वीस रुपयांच्या शंभर पुस्तिका म्हणजे २,००० रुपये. वरच्या हिशेबात त्यासाठी ३३,००० हून जास्त वाचने लागतात.

कागदपत्रांचा भाग

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे इथेच अडकतात. अॅडसेन्ससाठी वय १८ पूर्ण हवे. नवे प्रत्येक स्थळ खात्यात जोडून तपासून घ्यावे लागते. ही कमाई व्यवसायाचे उत्पन्न म्हणून मोजली जाते, म्हणून डोमेन, होस्टिंग, इंटरनेट यांच्या पावत्या जपून ठेवा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर छत्तीसगढ आणि महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा लागू होत नाही. वस्तूची शिफारस करताना दलाली किंवा फुकट वस्तू मिळत असेल, तर ते वाचकाला स्पष्ट दिसेल असे लिहावे लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण व्यवस्थेतून जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचना तसे सांगतात.

आणि पत्ता नीट लिहा. खात्यात पहिले १० डॉलर जमले की गूगल साध्या टपालाने एक पिन पाठवते. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती दिसणे थांबते. टाऊनशिपमध्ये राहत असाल तर सेक्टर, सडक आणि क्वार्टर क्रमांक हे तिन्ही त्यात हवेत. वडिलांच्या नावाने क्वार्टर असेल तर त्यांचे नावही पत्त्याच्या ओळीत घाला, म्हणजे पोस्टमनला घर सापडेल.