कृष्णविवराची मोजदाद

सांगली जिल्ह्यातील जुन्या द्राक्ष बागायतदारांना 'प्रयोग परिवारा'चे श्रीपाद दाभोळकर परिचित आहेत. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणाऱ्या या शिक्षकाचे पुत्र अतीश दाभोळकर पुढे सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले, हे मात्र आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी प्राण वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोळकर हे त्यांचे काका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतीश यांनी अनेक वर्षे संशोधन केले. त्यांचा विषय आहे कृष्णविवरे आणि तंतू सिद्धांत.

पाणी तापते म्हणजे त्यातील रेणूंची खळबळ वाढते. बाहेरून तेच दिसणारे पाणी आतून असंख्य रीतींनी मांडलेले असू शकते. कृष्णविवरालाही उष्णता असते आणि त्याच्या आतील रचनांचा हिशेब त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो, असे बेकेन्स्टाइन व हॉकिंग यांनी १९७० च्या दशकात दाखविले. पण रचना कशाच्या? आइन्स्टाइनचा सिद्धांत येथे मौन पाळतो.

तंतू सिद्धांत म्हणतो, मूलकण हे बिंदू नसून सूक्ष्म कंप पावणारे तंतू आहेत. तुणतुण्याची एकच तार, ताण बदलला की स्वर बदलतो. तसे कंपन बदलले की कण निराळा. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर व वाफा यांनी विशिष्ट कृष्णविवरांच्या रचना या मार्गाने मोजल्या आणि उत्तर क्षेत्रफळाच्या हिशेबाशी जुळले. ही मोजदाद अधिक काटेकोर करण्यात दाभोळकरांचा मोठा वाटा आहे. समीर मूर्ती व डॉन झागिए यांच्यासह २०१२ मध्ये केलेल्या कामात त्यांना रामानुजन यांनी १९२० मध्ये, मृत्यूपूर्वी हार्डींना कळविलेले गणित उपयोगी पडले.

अर्थात दोन हिशेब जुळणे म्हणजे प्रयोगाचा पुरावा नव्हे. तंतू आजवर कोणत्याही प्रयोगात आढळलेले नाहीत. हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. विज्ञानाच्या नावाने येणारे विधानही तपासूनच घ्यावयाचे असते.

या शास्त्राला महागडी यंत्रे लागत नाहीत. कागद, ग्रंथ आणि सोबती लागतात. लाहोरमध्ये सोबतीच नसल्याने अब्दुस सलाम यांना १९५४ मध्ये मायदेश सोडून केंब्रिजला जावे लागले. इतरांवर ती वेळ येऊ नये म्हणून त्यांनी १९६४ मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथे आंतरराष्ट्रीय केंद्र उभारले. २०१९ मध्ये दाभोळकर त्याचे संचालक झाले. विकसनशील देशांतील पदवीधरांसाठी तेथे एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालतो. शिकवणीला शुल्क नाही, राहण्या-जेवणाचा भारही विद्यार्थ्यावर पडत नाही. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.