काकू, मुलगी उंच आहे हो तुमची!

माहीत आहे का, मनीषनगरच्या वेशीवर एक वर्ल्ड रेकॉर्डवीर उभा आहे? वर्धा रोडचा डबलडेकर पूल! खाली हायवे, मध्ये फ्लायओव्हर, वर मेट्रो. २०२२ मध्ये गिनीज बुकात गेला. लांबी ३.१४ किलोमीटर. ३.१४ म्हणजे गणितातला पाय. घ्या, पुलालाही पाय फुटले!

आपल्याला मात्र आज खऱ्या पायांमागे पळायचंय. लांब, चपळ आणि सापडायला महाकठीण. कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल टीम बांधणाऱ्या कोचचं अर्धं आयुष्य या पायांच्या शोधात जातं. उरलेलं अर्धं, सापडलेले पाय पळून जाऊ नयेत म्हणून.

पहिल्याच उडीत खांदा निखळला

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ चा, अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावचा. जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी पीचच्या टोपल्या जिमच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहिले. पुढच्याच वर्षी शेजारच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवायला घेतला. १८९३ च्या त्यांच्या पहिल्या मॅचमध्ये बाईंनी बॉल वर उडवला, तो एका मुलीच्या ताणलेल्या हातावर आदळला आणि तिचा खांदाच निखळला. मॅच सुरू व्हायच्या आधी पहिली इंज्युरी! कोचगिरीची बोहनी काही बरी झाली नाही.

१८९६ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुली भिडल्या. पुरुष प्रेक्षकांना सक्त मनाई. फायनल स्कोअर सांगू? २-१. हो, बास्केटबॉलचाच. फुटबॉलचा नाही.

अमरावती आणि बर्लिन, एकाच उन्हाळ्यात

हा नगेट वऱ्हाडवाल्यांसाठी खास. बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला १९३६ च्या बर्लिनला. फायनल उघड्या मैदानावर, भर पावसात, चिखलात झाली. अमेरिका १९, कॅनडा ८. त्याच ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनमध्ये आणखी कोण होतं, माहीत आहे का? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक! कबड्डीसकट आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलेलं. आज विदर्भात तुम्ही कुठल्याही शाळेच्या पी.टी. सरांना विचारा, बीपीएड कुठून केलं. दहातले बरेच जण अमरावतीकडे बोट दाखवतील. म्हणजे मुलींना पहिला बॉल हातात देणाऱ्या आपल्या सरांची परंपरा थेट बर्लिनला हाय-हॅलो करून आलीय.

आणि मुलींचा बास्केटबॉल ऑलिम्पिकला कधी पोहोचला? १९७६ मध्ये. चाळीस वर्षांनी!

आता नागपूर. आता गंमत.

सीन असा. मनीषनगरातली एखादी फ्लॅट स्कीम, संध्याकाळचे साडेसहा. खाली पार्किंगमध्ये कॉलेजचे कोच सर उभे. समोर काकू, हातात मेथीची जुडी.

"काकू, मुलगी उंच आहे हो तुमची."

"हो न सर. पण यंदा बारावी आहे न तिची."

टिंग! शॉट रिमला लागून बाहेर.

फुल कोर्ट प्रेस, झोन डिफेन्स वगैरे पुस्तकात शिकवतात. पण जगातला सगळ्यात कडक डिफेन्स म्हणजे 'बारावी आहे न'. याला तोड अजून कुठल्या कोचिंग मॅन्युअलमध्ये आलेली नाही. कॅलेंडर बघा ना. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मग सीईटी, मेमध्ये नीट. आणि उन्हाळी शिबिरं कधी? एप्रिल-मेमध्येच! त्यात नागपूरचं ऊन. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून शिबिर पहाटे साडेपाचला. रात्री दीडपर्यंत बायोलॉजी घोकलेली पोरगी पहाटे साडेपाचला ले-अप मारेल का, तुम्हीच सांगा.

जी मारते ती मात्र सोन्याची. शिवाजीनगर जिमखाना म्हणजे एसएनजीचं ग्राउंड, रविनगरचं विद्यापीठाचं मैदान, मानकापूरचं इनडोअर स्टेडियम. कोचची नजर इथे स्कोअरबोर्डवर नसते, कठड्याशी बसलेल्या पालकांवर असते. आठवीतली मुलगी किती वाढणार याचा अंदाज आईबाबांच्या उंचीवरून बांधायचा असतो. बाबा सहा फुटी निघाले की सरांचा चेहरा बघावा. लग्नाच्या स्थळाला एवढं बारकाईनं कुणी पाहत नाही.

रिंग खाली येत नाही!

माहीत आहे का, महिलांचा बॉल पुरुषांच्या बॉलपेक्षा लहान असतो? साइज ६; पुरुषांचा ७. पण रिंगची उंची दोघांना सारखीच, ३.०५ मीटर. व्हॉलीबॉलमध्ये मात्र मुलींसाठी नेट खाली घेतात, २.४३ वरून २.२४ मीटरवर. झालं! शाळेतली उंच मुलगी व्हॉलीबॉलचे सर आधी पळवतात. मग कबड्डीवाले, मग ॲथलेटिक्सवाले. बास्केटबॉलचे सर पोहोचेपर्यंत ताटात फक्त चटणी.

उंचीचा विक्रम हवाय? पूनम चतुर्वेदी, भारतीय महिला बास्केटबॉलमधली सर्वात उंच खेळाडू. सात फुटांना फक्त एक इंच कमी! मूळची कानपूरची, पण घडली आपल्या शेजारी, छत्तीसगडात. तिथे भिलाईला राजेश पटेल नावाचे कोच होते. गावोगावच्या उंच पोरी हेरून आणायच्या, घडवायच्या आणि राष्ट्रीय स्पर्धेत मोठमोठ्या राज्यांना लोळवायचं, हा त्यांचा खाक्या. नागपूरहून गाडीत बसलं तर एका झोपेत येणारं गाव. त्यांनी काय केलं हे बघायला आपल्याकडून किती जण गेले, हा प्रश्न मी हळूच इथे ठेवतो.

पोहे चालतील, तर्री नको

अमेरिकेत कॉलेज कोचला असं केव्हाही पार्किंगमध्ये उभं राहून काकूंशी बोलायची सोय नाही! तिथल्या एनसीएए या संस्थेचा नियमांचं बाड एवढं जाड की डोक्याखाली घेऊन झोपावं. 'डेड पीरियड'मध्ये मुलीला प्रत्यक्ष भेटायचंच नाही. मुलगी लहान असेल आणि अचानक समोर आलीच, तर नमस्कार करून पुढे सटकायचं. फार बोललात तर नियमभंग.

आणि हे ऐका. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे कॉलेजनं खेळाडूला बेगल नावाचा गोल पाव दिला तर चालायचं, पण त्यावर क्रीम चीज लावलं तर नाही! नुसता बेगल म्हणजे स्नॅक, चीज लावलं की जेवण. नागपुरी भाषेत सांगायचं तर पोहे घ्या, पण वर तर्री टाकली तर संघ बाद. शेवटी २०१३ च्या सुमारास त्यांनाच हसू आलं असावं. चीजला परवानगी मिळाली.

पैसा बोलता है, पोर्टल खोलता है

२०२१ पासून तिथले कॉलेज खेळाडू जाहिराती करून पैसे कमावू शकतात. ट्रान्स्फर पोर्टल तर २०१८ पासूनच आहे. नाव टाकलं की दुसऱ्या कॉलेजचे कोच फोन करायला मोकळे. एकेका सीझनला हजाराहून जास्त मुली पोर्टलवर. म्हणजे कोचनं नवीन पोरी आणायच्या, शिवाय घरच्या पोरींनाही दरवर्षी नव्यानं पटवायचं.

मग कोचना पगारही तसाच. लुइझियाना स्टेटच्या किम मल्की यांचा २०२३ मधला करार: दहा वर्षांचे ३ कोटी ६० लाख डॉलर. आपल्याकडच्या सरांना हे सांगितलं तर ते विचारतील, "टीए-डीए वेगळा का?"

केटलिन क्लार्क आठवते? पुरुष-महिला धरून अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च डिव्हिजनमध्ये सर्वाधिक गुण, ३९५१. तिनं आधी नोत्र दाम विद्यापीठाला जवळपास होकार दिला होता. मग मन बदललं, घरच्या आयोवा राज्यातच राहिली. २०२४ ची तिची फायनल टीव्हीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली. पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त! एका पोरीचं मन बदललं आणि नोत्र दामच्या कोचचं काय झालं असेल, कल्पना करा.

आणि सगळ्यात अचाट रिक्रूटमेंट? १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या एनबीए टीमनं ड्राफ्टमध्ये चक्क एक मुलगी निवडली, लुसिया हॅरिस. ऑलिम्पिकमधल्या महिला बास्केटबॉलची पहिली बास्केट तिच्याच नावावर. तिनं नकार दिला. ती तेव्हा गरोदर होती.

फाटकापाशी थांबलेली गाडी

मनीषनगरकरांना रेल्वे फाटकाचं वेगळं काय सांगायचं! पूल-अंडरपास व्हायच्या आधी अर्धं आयुष्य तिथे गेलं. पण माहीत आहे का, नागपुरात रेल्वेची दोन-दोन डिव्हिजन आहेत? एक मध्य रेल्वेचं, एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. आणि भारतीय महिला बास्केटबॉलमध्ये रेल्वे म्हणजे दादा टीम. राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या यार्डातच उभं असतं. कारण? नोकरी! स्पोर्ट्स कोट्यातली पक्की नोकरी. विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत मिळवलेलं यश त्या कोट्यासाठी धरतात. काकूंना हे एक वाक्य सांगून बघा. मेथीची जुडी लगेच खाली ठेवली जाते.

रस्ता लांब आहे खरा. आधी कॉलेज टीम, मग विद्यापीठाची टीम, मग वेस्ट झोन, मग ऑल इंडिया. वयाची अट १७ ते २५. पण खिडकी प्रत्यक्षात तीन वर्षांचीच: बीए, बीकॉम संपलं की मुलगी गेली. पुण्याला, बंगलोरला, नाहीतर सासरी. म्हणून माझं सरळ मत, बारावीनंतर मुलगी शोधणारं कॉलेज उशिरा जागं झालं. आठवीतच शाळेच्या ग्राउंडवर गेलं पाहिजे. आणि सोबत एक मॅडम कोच हवी. मॅडम दिसल्या की बाहेरगावच्या टूर्नामेंटला आईची परवानगी मिळते. सरांना तीच परवानगी मागायला चार फेऱ्या पडतात.

गंमत म्हणजे मॅडम-टंचाई अमेरिकेतही आहे. १९७२ मध्ये तिथे कायद्यानं मुलींच्या खेळाला समान दर्जा दिला. तेव्हा महिला संघांच्या कोचमध्ये ९० टक्क्यांहून जास्त बायका होत्या. मग खेळात पैसा आला, पगार वाढले. आणि आज सगळे खेळ धरले तर निम्म्याही नाहीत! पगार आला, पुरुष आले. साउथ कॅरोलिनाच्या डॉन स्टेली यांनी मग एक झकास परंपरा चालवली. २०१७ चं विजेतेपद जिंकल्यावर कापलेल्या जाळीचे तुकडे त्यांनी कृष्णवर्णीय महिला कोचना पाठवले. त्यांना स्वतःलाही असाच तुकडा कॅरोलिन पेक यांनी दिला होता, १९९९ च्या विजेत्या जाळीचा.

आपल्या पोरी तिकडे? हो, पोहोचल्या! पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात, बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनात. इकडे पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. नागपूरची सिया देवधरही एनबीएच्या शिबिरापर्यंत धडकली. झिरो माईलच्या गावातून निघालं की सगळीकडचं अंतर सारखंच, नाही का!

लेबर पेन आणि रिक्रूटमेंट

आता शेवटचा, माझा सगळ्यात लाडका किस्सा. पॅट समिट. टेनेसी विद्यापीठाच्या कोच झाल्या १९७४ मध्ये, वय २२, पगार महिना २५० डॉलर. टीमची व्हॅन स्वतः चालवायची, युनिफॉर्म स्वतः धुवायचे. नवे युनिफॉर्म आले तेही डोनट विकून!

सप्टेंबर १९९०. बाई नऊ महिन्यांच्या गरोदर, आणि निघाल्या विमानानं पेनसिल्व्हेनियाला, मिशेल मार्सिनिएक नावाच्या शाळकरी पोरीला पटवायला. तिच्या घरात दिवाणखान्यात बोलणं चालू असतानाच कळा सुरू झाल्या. तरी बाईंनी आधी बोलणं पूर्ण केलं, मग विमानात बसल्या. कळा वाढल्या तसे पायलट म्हणाले, वाटेत व्हर्जिनियात उतरवू का? बाई कडाडल्या, अजिबात नाही! का? त्याच वर्षी व्हर्जिनियानं टेनेसीला हरवलं होतं. पोराचा जन्म तिथे? छे! टायलर जन्मला टेनेसीतच.

आणि एवढं करून त्या पोरीनं कोणतं कॉलेज निवडलं असेल?

नोत्र दाम!

वर्षभरातच तिचं तिथे मन रमेना. बॅग उचलली आणि टेनेसीला आली. १९९६ ला टेनेसी चॅम्पियन, फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू मिशेल मार्सिनिएक. टायलर तेव्हा पाच वर्षांचा होता.