ठाण मांडून बसलेली स्टेशनरी

जिममधल्या सायकलला कितीही पॅडल मारा, ती भिंतीपासून इंचभर सरकत नाही. ती स्टेशनरी. जूनमध्ये शाळा उघडताना वह्या, पेनं, कंपासपेटी यांच्यावर पाकीट रिकामं होतं. तीही स्टेशनरी! मराठीत लिहिलं की दोघी जुळ्या बहिणी. इंग्रजीत मात्र शेवटून तिसऱ्या अक्षरावर भांडण आहे. तिथे 'ए' असेल तर वस्तू जागची हलत नाही, 'ई' असेल तर ती कागद-पेन्सिलीच्या दुकानात मिळते. घोळ होतो? एन्व्हलप आठवा. त्याची सुरुवात 'ई'ने होते आणि ते मिळतंही स्टेशनरीच्याच दुकानात.

गंमत म्हणजे दोघी खरोखरच एका घरच्या. मध्ययुगीन युरोपात फिरस्ते विक्रेते पाठीवर गाठोडं टाकून गावोगाव हिंडायचे. पुस्तकवाला मात्र विद्यापीठाच्या आसपास दुकान थाटून बसायचा. बसलेला, म्हणून लॅटिनमध्ये 'स्टेशनारियस' आणि पुढे इंग्रजीत 'स्टेशनर'. पॅरिस-बोलोन्यात तर हा गडी पुस्तकाचे सुटे भाग भाड्याने द्यायचा. एक भाग न्यायचा, उतरवून घ्यायचा, परत करून पुढचा न्यायचा. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याचा पूर्वजच म्हणा ना!

लंडनच्या स्टेशनरांनी 1403मध्ये आपला संघ बांधला, 1557मध्ये राजसनद मिळवली आणि इंग्लंडातली छपाई जवळजवळ मुठीत घेतली. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह 1623मध्ये निघाला, तेव्हा तोवर न छापलेल्या नाटकांची नोंद त्यांच्याच वहीत झाली. पुढे पुस्तकं प्रकाशकांकडे गेली आणि स्टेशनरकडे उरले कागद, शाई, पाकिटं.

आता जरा घरी या. लॅटिन 'स्टेशनारियस'च्या मुळाशी असलेला 'स्टा' आणि संस्कृतातला 'स्था' एकाच मुळाचे. त्यामुळे स्थिर, स्थान, स्थानक ही सगळी स्टेशनरीची लांबची भावंडं. शिलाहार राजांच्या ताम्रपटांत ठाण्याचं नाव 'श्रीस्थानक' असं येतं. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटलेली भारतातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोचली. म्हणजे 'ठाणे स्टेशन' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो, आणि 'ठाणे रेल्वे स्थानक' म्हटलं तर विचारूच नका.

शब्दाने ठाण मांडलं तरी अर्थ हिंडत राहतो, त्याला आपली बाजारपेठही अपवाद नाही. 'स्टेशनरी व कटलरी' अशी पाटी गावोगाव दिसते. इंग्रजाची कटलरी म्हणजे सुऱ्या, काटे, चमचे. आपल्या कटलरीत बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पिना. चमचा मागायला आलेला साहेब टिकल्यांचं पाकीट घेऊन परतायचा.